हाताला लागेल अशा उंचीवर

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण उत्तर लिहायला हात धजत नव्हता. फोन का करत नाहीस म्हणून तू रागावतेस, पण फोनवर बोलू तरी कशी? नजर गेल्यापासून तुझ्या दादाचे कान इतके तिखट झालेत, की मी स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटले तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. म्हणून हे कागदाचं काम. हे आंघोळीला गेले की लिहायचं आणि आले की वही मिटायची, असं चाललंय.

घर विकायचं घाटतंय. आमच्या चिरंजिवांनी तिकडे त्यांच्या फ्लॅटमध्ये आमच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली आहे. त्याचं म्हणणं असं, की बाबा एकटे दाराबाहेर पडतच नाहीत, मग तिथे बसले काय आणि इथे बसले काय. काचबिंदूने आता ह्यांना फक्त उजेड आणि सावली कळते, तरी दिवाळखोरासारखे घरात बसले नव्हते गं. काठी घेऊन कोपऱ्यावर जायचे, पाव आणायचे, पेपरवाल्याशी वाद घालून यायचे. पण आपली गल्ली तुला माहीत आहे. सगळी घरं एका साच्यातून काढलेली, तोच पिवळा रंग, तोच कठडा, तेच फाटक. हे पावलं मोजत यायचे, पण वाटेत कुणी हटकलं की मोजदाद गेली. दिवाळं वाजलं ते असं: मागच्या महिन्यात शेजारच्या कुलपात किल्ली घालून उभे राहिले, आणि मी आतून कडी का लावली म्हणून मला मोठमोठ्याने बोलत होते. शेजारी बाहेर आला, हसला, हाताला धरून घरी आणून सोडलं. तो हसला त्याचं काही नाही. हाताला धरलं ते लागलं. त्या दिवसापासून काठी दाराआड उभी आहे.

फाटकाला जाड दोरी बांधू या म्हटलं, म्हणजे हाताला खूण लागेल. तर मी काय गोठ्यातलं जनावर आहे का, म्हणाले. खूण म्हणून काहीही केलेलं ह्यांना चालत नाही.

आता कामाचं. घरं दाखवणारा दलाल येऊन गेला. आतून घर छान आहे, पण समोरून एखाद्या जुन्या कचेरीसारखं दिसतं, म्हणाला. गिऱ्हाईक म्हणे रस्त्यावरूनच मनात ठरवतं. खिडक्यांखाली आणि व्हरांड्याच्या कठड्यावर लांबट पेट्या लावा, फुलं लावा, असं चिरंजिवांचंही फर्मान आहे. तू नर्सरीवाली, तूच सांग काय लावू. माझ्या हाताने तर मनीप्लांटसुद्धा माना टाकतो.

खरं सांगू? मला नाही जायचं. हे पुन्हा एकटे बाहेर पडायला लागले असते, तर मी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

तुझा लोभ आहेच, सल्लाही पाठव.
तुझी,
वहिनी

दि. ११ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नर्सरीत रोपांच्या गर्दीत उभी राहून वाचलं आणि एका गिऱ्हाइकाला गुलाबाऐवजी कोरफड दिली. तेव्हा नुकसानभरपाई तुझ्याकडे.

पेट्या लाव. नक्की लाव. सुताराला सांग, पेटी हातभर खोल नको, वीतभर पुरे, पण तळाला भोकं पाहिजेतच, नाही तर पाणी साचून मुळं कुजतात. तळाशी विटांचे तुकडे, वर माती, कुजलेलं खत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा. खिडकीखालच्या पेट्यांत मागे उंच झाड, मध्ये बुटकं, पुढे लोंबणारं. तिथे पेटुनिया लाव, झेंडू लाव, दलालाच्या डोळ्यांना काय हवं ते दे. तो भाग विकाऊ.

पण कठडा माझा. आपला कठडा थेट फुटपाथला लागून आहे, फाटकाच्या जरा अलीकडे. त्यावरची पेटी अशी बसव, की फुटपाथवरून चालणाऱ्याने हात सहज खाली सोडला तर पानांवर पडेल. त्यात मी पाठवते ते लाव. गुलाबाच्या वासाचं जिरेनियम. फूल अगदी बेताचं, दिसायला गावठी, पण पान नुसतं घासलं गेलं तरी हाताला वास लागतो. आता कळलं ना, मी काय म्हणते ते? दोरी त्याला चालत नाही, झाड चालेल. झाडाला कोण खूण म्हणतं? तू फक्त तोंड मिटून बस. दादाला सांग, विक्रीसाठी घराची शोभा वाढवतेय. खोटं तर नाहीच ते.

आणि पत्र वाचून दाखव म्हणाला, तर हा परिच्छेद गाळ. त्या जागी हवापाण्याचं काही तरी लिहिलंय असं भासव. तेवढा अभिनय तुला जमेल. माझ्या लग्नात तू माझी आई असल्यासारखी रडली होतीस, ते मी विसरलेले नाही.

रोपं ट्रान्सपोर्टने पाठवलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून. पोचली की आधी सावलीत ठेव.

माझ्या आगाऊपणासकट मला सांभाळून घेत आलीस, तशीच घे.
तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी आमचा पराक्रम ऐक. सुतार मोठा तालेवार, त्याने ब्रॅकेट ठोकून पेट्या अशा पक्क्या बसवल्या की भूकंपातही हलू नयेत. मी माती भरली, रोपं लावली, घाम पुसला आणि हवा यावी म्हणून खिडकी उघडायला गेले. उघडेना. आपल्या खिडक्या बाहेरच्या बाजूला उघडतात, हे ना सुताराच्या लक्षात आलं ना माझ्या! पंधरवडाभर आम्ही पेटुनियांसाठी गुदमरून बसलो. शेवटी त्याने पेट्या चार बोटं खाली घेतल्या, आणि चूक माझीच होती असा चेहरा करून गेला. तुझा दादा इतका हसला, की मला सुताराचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

आता मुख्य. कठड्यावरचं जिरेनियम फोफावलं. मी रोज सकाळी पाणी घालताना ह्यांना मुद्दाम बोलावून घ्यायची, झारी धरा म्हणायची. पहिल्या दिवशी पान चोळून नाकाला लावलं आणि, साबणासारखं वाटतंय, एवढाच शेरा दिला. मग परवा सकाळी मी आत कपडे घड्या करत होते, तर काठीचा आवाज. दाराआडची काठी, धाकटे! मी तशीच खिडकीशी गेले. तू सांगितलं होतंस म्हणून तोंड मिटून उभी राहिले, नाही तर हाक मारलीच असती. कोपऱ्यापर्यंत गेले. परत येताना डावा हात कठड्यांवरून फिरवत आले. शेजाऱ्याच्या अलीकडचा कोरडा कठडा, मग शेजाऱ्याचा कोरडा कठडा, मग आपली पानं. हात थांबला. हात नाकाशी नेला आणि फाटकातून असे आत आले, जसं काही कधी चुकलेच नव्हते. पाव आणायला विसरले होते, पण त्याचं काय एवढं!

तेव्हापासून रोज जातात. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरा घोर सुरू झाला. घर समोरून इतकं देखणं दिसायला लागलंय, की गिऱ्हाइकं येऊ लागली. एक नवराबायको दोनदा येऊन गेले. बाई तर खिडकीखाली उभी राहून नवऱ्याला फोटो काढायला सांगत होती. चिरंजीव खूष. मी माझ्याच हाताने आमचं घर लोकांच्या नजरेत भरवतेय, अशी गत झाली आहे. सांग, पेटुनियांना पाणी घालू की नको?

तुझा सल्ला लागू पडला, म्हणून आता जास्तच मागतेय. राग मानू नकोस.
तुझी,
वहिनी

दि. १६ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी नर्सरीत एकटीच नाचले. आमचा माळी दोन पावलं मागे सरकला.

पेटुनियांना पाणी घालच. झाडांनी काय घोडं मारलंय? त्या नवराबायकोला सांग विचार करतोय, आणि विचार सावकाश कर. चिरंजिवांना मी फोन करते. आत्या आहे, तेवढा कान धरायचा हक्क माझा आहे. बाबा रोज बाहेर जातात हे त्याला एकदा येऊन बघू दे, मग बोलू म्हणावं. पण दादा आणखी महिनाभर तरी असाच जायला-यायला हवा. दोन दिवसांच्या उत्साहावर तो मुलगा विश्वास ठेवणार नाही, आणि खरं तर मीही ठेवत नाही.

जिरेनियमचे शेंडे खुडत जा, म्हणजे झाड दाट होतं. खुडलेले तुकडे फेकू नकोस हो. ओल्या मातीत खोचले की पंधरा-वीस दिवसांत मुळं धरतात. फेकवत नाहीत ते मला.

तुझा माझ्यावरचा भरवसा असाच वाढू दे, मी तो अंगावर मूठभर मांसासारखा मिरवते.
तुझी,
धाकटी

दि. २४ एप्रिल

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी घोळ घालून ठेवला आहे. वाचताना मला शिव्या दे, पण पूर्ण वाच.

तू शेंडे फेकू नकोस म्हणालीस. फेकले नाहीत. आमच्या पेट्या बघायला अख्खी गल्ली थांबायची. शिवणकामवाल्या बाईंनी तोंड भरून कौतुक केलं, त्यांना दोन काड्या दिल्या. मग घड्याळ दुरुस्तीवाल्याने मागितल्या. मग नर्सबाई, मग शेजारी, मग पलीकडचे. मला नाही म्हणता येत नाही, तुला ठाऊक आहे. उलट मीच फुशारकीने प्रत्येकाला सांगत सुटले, की पेटी कठड्यावरच लावा, इतक्याच उंचीवर लावा, छान दिसते. सुताराला तर इतकं काम मिळालं की तो आता मला ताई म्हणतो. गल्ली सुंदर दिसते, धाकटे. माणसं वाट वाकडी करून इथून जातात. आणि कोपऱ्यापासून शेवटापर्यंत प्रत्येक कठड्यावर गुलाबाच्या वासाचं जिरेनियम आहे.

डोक्यात आलंच नाही माझ्या. झाडं लहान होती तोवर ह्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून निभावलं. या आठवड्यात ती वाढली. काल हे परत येत होते, पानांना हात लागला, वास आला, वळले आणि आत गेले. ते घर शिवणकामवाल्या बाईंचं, त्यांचं झाड सगळ्यांच्या आधी वाढलेलं. आत दोघी-तिघी मापं द्यायला उभ्या. एक किंचाळली. बाईंनी सांभाळून घेतलं, काका काका करत हाताला धरून घरी आणलं. पुन्हा हात धरून.

जेवले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, त्या नवराबायकोला हो म्हणून कळव, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बोलणी उरकून टाकू. रागावले असते तर बरं झालं असतं. काठी त्यांनी दाराआडही ठेवली नाही, माळ्यावर टाकायला सांगितली. मी अजून टाकलेली नाही.

चांगलं दिसावं म्हणून सगळ्यांना काड्या वाटत गेले आणि ह्यांची वाट मीच बुजवली. मला रडू आवरत नाही आणि ह्यांना ऐकू जाईल म्हणून रडताही येत नाही.

काही सुचलं तर लगेच लिही. लोभ तर तुझा आहेच, आज थोड्या धीराची गरज आहे.
तुझी,
वहिनी

दि. २७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आहे. वहिनी वाचून दाखवेल. वहिनी, आजच्या पत्रातला एकही शब्द गाळायचा नाही, आणि मध्ये चष्मा पुसायला थांबायचं नाही.

दादा, ते जिरेनियम शोभेचं नव्हतं. तुझ्यासाठी होतं. कल्पना माझी, गुन्हा माझा, वहिनी फक्त माती कालवत होती. तुला सांगितलं असतं तर तू पेटीसकट रस्त्यावर फेकलं असतंस, म्हणून नाही सांगितलं. आता हवा तेवढा रागाव. मी लांब आहे, मला काही होत नाही.

पण रागावून झालं की एक विचार कर. तू उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढलेस. कुठला नळ कुठे वळतो, कुठे जोड आहे, हे तू शहराला सांगितलंस. एखाद्या नकाशावर शिकाऊ माणसाने सगळ्या नळांना एकच खूण दिली असती, तर तू नळ विकायला काढले असतेस का? त्या पोराला झापून नकाशा दुरुस्त केला असतास. तुझ्या गल्लीचा नकाशा चुकलाय. चूक वहिनीची आणि माझी. दुरुस्ती आम्हाला येत नाही, ती तुझी विद्या.

मला तुझी काळजी वाटते म्हणून मी हे लिहीत नाही. मला तुझ्या घरी यायचं असतं, फ्लॅटमधल्या एका खोलीत भेटायला नाही, म्हणून लिहिते. स्वार्थी आहेच मी.

रागासह जो काही लोभ शिल्लक असेल तो पाठव.
तुझी,
धाकटी

दि. १४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे. पुठ्ठ्याला ओळीच्या खाचा कापून घेतल्या आहेत, त्यात पेन चालवतो. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल तर अंदाजाने वाच. मी तुझी पत्रं वर्षानुवर्षं तशीच वाचली आहेत.

तुम्हा दोघींना वाटतं की मला काही कळलं नव्हतं. ज्या झाडाला धड फूल नाही, ते कुणी शोभेसाठी रस्त्याच्या बाजूला लावतं का? आणि तू हवापाण्यावर सबंध परिच्छेद लिहिलास, असं ऐकलं तेव्हाच मला संशय आला होता. जन्मात तू हवापाण्याची चौकशी केली नाहीस. पण तुझी वहिनी रोज झारी धरायला बोलवायची, तिचा उत्साह मोडवेना. आणि पाव आणायला जायला मला आवडत होतं. म्हणून मीही तोंड मिटून बसलो.

तुझं पत्र ऐकल्यावर दोन दिवस रागात काढले. मग रविवारच्या बोलण्यांच्या आधी गल्लीतल्या लोकांना व्हरांड्यात बोलावलं. मनात खूप होतं, पण आडवळणाने बोलायला मला येत नाही. सरळ सांगितलं, की मला दिसत नाही, मी वासावरून घर ओळखतो, आणि तुम्ही सगळ्यांनी माझा वास चोरला आहे. शेजारी म्हणाला, आधी सांगायचं ना. एवढंच. मी इतके महिने कशाला घाबरत होतो कुणास ठाऊक.

कोपऱ्यावर नर्सबाई, त्यांना पुदिना दिला. घड्याळवाल्याच्या कठड्यावर मरवा. शेजाऱ्याला ओव्याची जाड पानं, हाताला लगेच कळतात. शिवणकामवाल्या बाईंना गवती चहा दिला होता, पण तो माझाच चुकीचा निर्णय. पहिल्याच दिवशी पातीने बोट कापलं. तिथे आता रोजमेरी आहे, सुईसारख्या पानांची आणि उग्र वासाची. त्या बाई जिरेनियम सोडायला मुळीच तयार नव्हत्या, जोरदार भांडल्या. शेवटी त्यांनी ते खिडकीखाली लावलं, जिथे माझा हात जात नाही. पलीकडच्या टोकाला मोगरा. कठड्यावर जिरेनियम फक्त आपल्याकडे.

ते नवराबायको रविवारी आले. त्यांना मी सांगितलं, की घर तूर्त विकाऊ नाही, सुताराचा पत्ता हवा असेल तर देतो. तूर्त हा शब्द मुद्दाम वापरला. माझ्या अजून एकट्याने फेऱ्या झालेल्या नाहीत. झाडं बदलल्यापासून तुझी वहिनी रोज चार पावलं मागे चालते आणि मला ऐकू येत नाही असं समजते. आज तिला खिडकीत उभं राहायला सांगितलं आहे. हे पत्र टपालपेटीत टाकायला मी एकटा जाणार आहे. तुला ते मिळालं तर मी पोचलो असं समज. परत आलो की नाही, ते तुझ्या वहिनीला विचार.

प्रकृतीस जप. गल्लीत आणखी रोपं लागतील, चांगली पाठव.
तुझा,
दादा

दि. १५ मे

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दादाचं पत्र तुला माझ्या आधी मिळेल, त्यामुळे तू जीव मुठीत धरून बसली असशील. म्हणून लगेच लिहिते.

खिडकीत उभं राहायचं, बाहेर यायचं नाही, हाक मारायची नाही, अशा सक्त सूचना देऊन गेले. मी खिडकीचा गज धरून उभी. जाताना नीट गेले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पत्र पडल्याचं मला दिसलं. मग परतीची वाट. पुदिन्याशी थांबले, पान तोडून तोंडात टाकलं. मरव्यावरून हात फिरवला. रोजमेरीशी जरा घुटमळले, पण वळले नाहीत, पुढे आले. मग शेजाऱ्याचा ओवा. मग आपला कठडा. जिरेनियममध्ये हात चांगला मनगटापर्यंत घातला, पान चुरगाळलं, वास घेतला.

आणि पुढे गेले, धाकटे. आपलं फाटक मागे टाकून सरळ पुढे गेले!

माझी हाक अगदी ओठांवर आली. मी हाताने तोंड दाबून धरलं. सगळं मुसळ केरात गेलं असंच वाटलं. उद्या काठी खरोखर माळ्यावर जाणार, तो फ्लॅट, ती खोली, सगळं डोळ्यांपुढे आलं. हे चालत चालत गल्लीच्या टोकाला गेले. मोगऱ्याशी थांबले. तिथल्या आजोबांना बाहेर बोलावलं आणि मातीत बोट खुपसून त्यांना पाणी जास्त होतंय म्हणून चांगलं खडसावलं. मग दोघं पायरीवर बसले. गप्पा रंगल्या. कुणीतरी चहा आणून दिला. मी खिडकीत, पाय दुखायला लागलेले, आणि हे तिकडे हातवारे करून हसताहेत.

पुष्कळ वेळाने उठले, परत फिरले, पानाला हात लावला आणि फाटक उघडून आत आले. मी दारातच विचारलं, की आपलं घर कळलं नव्हतं का. कळलं की, म्हणाले, जातानाच कळलं. मग आत का नाही आलात, तर म्हणतात कसे, एवढ्या लवकर घरी येऊन काय करायचं होतं?

एवढी वर्षं संसार केला, पण इतकं अपमानास्पद आणि इतकं गोड ह्या माणसाने मला कधी ऐकवलं नव्हतं. मी आत जाऊन पोटभर रडले, मोठ्याने रडले, ऐकू गेलं तर जाऊ दे म्हटलं. चिरंजिवांना फोन ह्यांनीच केला. ती खोली पाहुण्यांसाठी ठेव, आम्ही पाहुणे म्हणून येऊ, असं सांगितलं.

आत्ता हे पुन्हा बाहेर गेलेत. पाव आणतो म्हणालेत. जेवणाची वेळ टळून गेली, पान मांडून बसले आहे, आणि राग यायला हवा तर तो काही केल्या येत नाहीये.

तुझ्या मायेची सावली आम्हा दोघांवर अशीच असू दे, आणि सुट्टी काढून लवकर ये.
तुझी,
वहिनी